तुम्ही कोणाचे?

(ज्युबिली वर्षांतील पहिल्या व्याख्यानाच्या वेळीं धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या वर्षांत धर्मग्रामांत कांहीं व्याख्यानें व्हावीं असें आपल्या समितीनें ठरविलें, आणि पहिलें व्याख्यान धर्मगुरूंनींच द्यावें असा ठरावहि माझ्या गैरहजेरींत पसार करून टाकला. विषय तेवढा माझ्यावर सोपविला. ज्युबिली म्हटली म्हणजे चर्चच्या बांधकामाचा इतिहास, पूर्वीच्या धर्मगुरूंची नामावळी, देणगीदारांचे आभार हें सारें यावयाचेंच, आणि तें आपल्या स्मरणिकेंत योग्य जागीं येईल. मी आज एका अगदीं साध्या गोष्टीविषयीं बोलणार आहें. दोन अनोळखी माणसें एकमेकांना प्रश्न विचारतात. कांहीं प्रश्नांनीं तीं एकदम जवळ येतात, आणि कांहीं प्रश्न वर्षानुवर्षें विचारूनहि तीं होतीं तेथेंच राहतात. हें असें कां व्हावें?

मी खारदांड्याला बदलून आलों त्या आठवड्यांतील गोष्ट आहे. संध्याकाळीं पाय मोकळे करावेत म्हणून समुद्राकडे निघालों होतों. वलांडींवर बोंबील वाळत घातलेले, आणि वाटेच्या कडेला एक मावशी पाटी उपडी घालून तिच्यावर बसलेल्या. त्यांनीं मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलें आणि विचारलें, "फादर, तुमी कोनाचे?" मीं वडिलांचें नांव सांगितलें, गांव सांगितलें. "वसईकडचे! म्हंजे वाडीवाले," असें म्हणून त्यांचें समाधान झालें. माझेंहि झालें.

हा प्रश्न आपल्या सबंध किनाऱ्यावर चालतो, आणि त्यांत वाईट असें कांहींच नाहीं. परक्या माणसाला आपल्या माहितीच्या फडताळांतील एखाद्या खणांत नेऊन ठेवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाहीं. कोणाचा, कुठला, काय काम करतो, कोळीवाड्यांत राहतो कीं बिल्डिंगींत? कधीं कधीं साऱ्या समाजालाच हा प्रश्न पडतो. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळीं मुंबई व साष्टीकडील मूळच्या ख्रिस्ती लोकांनीं "ईस्ट इंडियन" हें नांव धारण केलें व आपली संस्था काढली. गोव्याहून व मंगळुराहून नोकरीसाठीं येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहों हें त्यांना सरकारास दाखवावयाचें होतें. तेंहि "तुम्ही कोणाचे?" याच प्रश्नाचें उत्तर होतें. (ज्युबिलीकडून लोक कोणकोणतीं कामें करून घेतात हेंहि त्यावरून दिसून येतें.) परंतु या प्रश्नाच्या उत्तरानें माणसाची जागा कळते, माणूस कळत नाहीं.

पुढें सुमारें तीन वर्षें गेलीं. पावसाळ्यांतील मासेमारीबंदीचे दिवस होते, होड्या वर ओढलेल्या होत्या, माणसें थोडीं मोकळीं होतीं. एका दफनविधीनंतर चर्चच्या आवारांत याच मावशी माझ्याजवळ आल्या. इकडचें तिकडचें बोलणें झालें, त्यांनीं आपल्या गेलेल्या यजमानांविषयीं दोन शब्द सांगितले, आणि मग सहज विचारावें तसें विचारलें, "फादर, रातचं एकटं जेवताना तुमाला कसं वाटतं?"

मीं उत्तर दिलें, "मावशी, माझ्यासाठीं प्रार्थना करा हो," आणि लगबगीनें साक्रिस्तीकडे वळलों. त्या उत्तरांत नम्रता होती असें तेव्हां मला वाटलें. आतां विचार करतां दिसतें कीं ती दार लावून घेण्याची सभ्य रीत होती. मावशींनीं पुन्हां तो प्रश्न विचारला नाहीं, आणि आपल्या यजमानांविषयींहि त्या माझ्याशीं पुन्हां बोलल्या नाहींत.

माझी बाजू सांगावयाची तर आमच्या शिक्षणाकडे बोट दाखवावें लागेल. प्रश्न विचारणें हें आम्हां धर्मगुरूंचें कामच आहे. पापनिवेदनाच्या वेळीं विचारावयाचें, आजाऱ्याच्या उशाशीं विचारावयाचें, लग्नाच्या नोंदणीच्या वेळीं विचारावयाचें. परंतु उत्तर देण्याची सवय आम्हांला कोणी लाविली नाहीं. सेमिनरींतील जुनी शिकवण अशी कीं, धर्मगुरूनें विशेष मैत्री टाळावी, सर्वांचें व्हावें. तिच्यांत शहाणपण आहे, तें मी नाकारीत नाहीं. तथापि सर्वांचें होतां होतां आमच्यांतील कित्येकजण कोणाचेच राहत नाहींत, हेंहि मीं पाहिलें आहे. नुसतें विचारणारा मनुष्य आणि नुसतें सांगणारा मनुष्य यांच्यामध्यें विश्वास उत्पन्न होतो, आदर उत्पन्न होतो, परंतु जवळीक उत्पन्न होत नाहीं. डॉक्टर आपल्या शरीराविषयीं किती प्रश्न विचारतो! म्हणून आपण त्याला मित्र म्हणत नाहीं.

माझ्या आयुष्यांत याला एक अपवाद घडला. २६ जुलै २००५ चा दिवस येथें बसलेल्या वडील माणसांना विसरतां येणें शक्य नाहीं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आगगाड्या थांबल्या, फोन बंद पडले, आणि उपनगरांतील लक्षावधि माणसें कमरेएवढ्या पाण्यांतून घराच्या दिशेनें चालूं लागलीं. त्या रात्रीं किती घरांनीं किती अनोळखी माणसांना आंत घेतलें याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं.

मी त्या वेळीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत सहाय्यक होतों, आणि सभेसाठीं वांद्र्याला आलों होतों. त्याच सकाळीं धाकट्या भावाचा फोन आला होता कीं आईचें दुखणें वाढलें आहे, येऊन जा. असे फोन पूर्वींहि आले होते, आणि सात महिने मी "पुढच्या आठवड्यांत येतों" असेंच सांगत होतों. त्या दिवशीं मात्र मनांत कांहींतरी हललें, आणि सभा अर्धी सोडून मी निघालों तों गाड्या बंद. स्वामी विवेकानंद मार्गानें उत्तरेकडे चालूं लागलों. जोगेश्वरी गांठतां गांठतां रात्रीचे नऊ वाजले, आणि पाणी छातीला लागूं लागलें. एका उंचवट्यावरील चाळींतून कोणीं हांक मारली. ते शिवणकाम करणारे एक मुसलमान गृहस्थ होते, वय साठीच्या घरांत. त्यांनीं मला कोरडी लुंगी दिली, चहा दिला, आणि कापडाचे गठ्ठे वर फळीवर सारून बसावयास जागा करून दिली. माझ्या अंगावर साधा शर्ट होता, आणि मी पाद्री आहें हें त्यांना ठाऊक नव्हतें.

प्रथम नेहमींचेच प्रश्न झाले. कोठून निघालां, कोठें जावयाचें, घरीं कोण असतें. मेणबत्ती जळत होती, बाहेर पाऊस थांबत नव्हता, झोप तर कोणालाच येणार नव्हती. मग त्यांनीं आपल्या थोरल्या मुलाची गोष्ट सांगितली. मुलगा आखातांत होता. दुकानावरून बापलेकांचें भांडण झालें, आणि दोन वर्षांत त्याचा फोन आला नाहीं. "चूक माझी होती," असें ते म्हणाले, आणि काय चूक होती तेंहि त्यांनीं सांगितलें. तें मी येथें सांगणार नाहीं. थोडा वेळ गप्प राहून त्यांनीं विचारलें, "तुम्ही सात महिने आईकडे कां गेलां नाहींत?"

या प्रश्नाला मीं भावाला दिलेलीं उत्तरें तयार होतीं. काम फार, माणसें कमी, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, प्रथम कम्युनियनचे वर्ग. परंतु ज्यानें आपली चूक एवढ्या साधेपणानें समोर ठेवली त्याला हें सांगावयास जीभ वळेना. मीं म्हटलें, मी भितों. परक्यांच्या आजारपणांत मी रोज जाऊन बसतों, आणि माझ्या आईला अंथरुणांत पाहण्याची मला भीति वाटते. हें वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत मला स्वतःलाहि तें ठाऊक नव्हतें. त्यांनीं उपदेश केला नाहीं. "वाटणारच," एवढेंच म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशीं रात्रीं, कांहीं पायीं, कांहीं ट्रकमधून, घरीं पोहोंचलों. आई त्यानंतर चार महिने होती. त्यांतला एकहि आठवडा मीं चुकविला नाहीं.

आतां याच गोष्टीचें दुसरें टोंक सांगितलें पाहिजे, नाहींतर ती फार गोड होईल. नाताळांत मी वाडींतील केळीं घेऊन त्या गृहस्थांकडे गेलों. दुकानांत उजेड होता, गिऱ्हाइकें होतीं. मी पाद्री आहें हें कळल्यावर ते "फादरसाहेब" म्हणूं लागले, खुर्ची पुसून दिली. मुलाचा फोन आला कां, हें विचारावें कीं नाहीं या संकोचांत मी पडलों, आणि न विचारतांच चहा पिऊन परत आलों. त्या रात्रीं जीं दोन माणसें बोललीं तीं त्या दुकानांत नव्हतीं. पुन्हां मी गेलों नाहीं. तें माझें चुकलें.

परक्याजवळ मन उघडतें हा अनुभव माझ्या एकट्याचा नाहीं. गेऑर्ग झिमेल या जर्मन विद्वानानें १९०८ सालींच लिहून ठेवलें आहे कीं, जवळच्या माणसापासून जपून ठेवलेल्या गोष्टी लोक वाटेच्या परक्याजवळ बोलतात, आणि त्या बोलण्याला कधीं कधीं पापनिवेदनाचें रूप येतें. पुढें शास्त्रज्ञांनीं याची पद्धतशीर परीक्षा केली. आर्थर अ‍ॅरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांबरोबर (त्यांत त्यांच्या पत्नीहि होत्या) केलेला एक प्रयोग १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. एकमेकांना न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या बसविल्या, आणि प्रत्येक जोडीला पाऊण तासासाठीं छत्तीस प्रश्न दिले. प्रश्नांचे तीन गट होते, आणि दर गटाला पाव तास. पहिले प्रश्न हलके, गमतीचे. पुढचे आठवणींचे आणि मैत्रीचे. शेवटचे असे कीं, उत्तर देणाराला मनांतला कोंडा फोडावा लागावा. मुख्य नियम असा कीं, प्रत्येक प्रश्नाचें उत्तर दोघांनींहि द्यावयाचें. दुसऱ्या कांहीं जोड्यांना तितकाच वेळ किरकोळ गप्पांचे विषय दिले होते. शेवटीं विचारतां असें दिसलें कीं, पहिल्या प्रकारच्या जोड्यांना एकमेकांविषयीं पुष्कळच अधिक जवळीक वाटत होती. दोघांचीं मतें जुळतात कीं नाहीं याचा त्यावर फारसा परिणाम झाला नव्हता.

२०१५ च्या जानेवारींत एका लेखिकेनें न्यूयॉर्क टाइम्समध्यें या प्रश्नांविषयीं लेख लिहिला, आणि "प्रेमांत पडण्याचे छत्तीस प्रश्न" म्हणून ते जगभर गाजले. आपल्या तरुण मंडळींच्या फोनवरहि ते असतील. परंतु प्रयोग करणारांनीं स्वतः बजावून ठेवलें आहे कीं, यानें क्षणाची जवळीक होते. निष्ठा, आधार, बांधीलकी या गोष्टी होत नाहींत, त्यांना काळ लागतो. जोगेश्वरीच्या दुकानांतून केळ्यांची रिकामी पिशवी घेऊन परतलेल्या मला हें वाक्य वाचतांना त्यांत नवीन कांहीं वाटलें नाहीं.

तेव्हां या प्रश्नांत जादू नाहीं. दोन गोष्टी मात्र त्या प्रयोगांत आणि त्या रात्रींत सारख्याच होत्या. एक, जो विचारतो तो स्वतःहि सांगतो. दोन, पायरी सोडून उडी नाहीं. या दुसऱ्या गोष्टीचा धडा मला एका होडीवाल्या बंधूंनीं दिला. त्यांचा भाऊ समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. मी पहिल्याच भेटींत, खुर्चीवर टेकतांच, "देवाविषयीं मनांत राग आहे काय?" असें विचारलें. प्रश्न पुस्तकांतला होता, आणि कदाचित् योग्यहि होता, परंतु त्याची वेळ आली नव्हती. ते उठले आणि "जाळें पाहून येतों" म्हणून बाहेर गेले. मी त्यांच्या पत्नीनें दिलेलें पाणी पिऊन घरीं आलों.

शुभवर्तमानांत शोमरोनी स्त्रीची कथा आहे. योहानानें ती चौथ्या अध्यायांत दिली आहे. प्रभु दुपारच्या वेळीं विहिरीवर एकटा बसला आहे, आणि परजातीची, परपंथाची एक बाई पाणी भरावयास येते. तिच्या आयुष्यांतली दुखरी गोष्ट त्याला ठाऊक आहे. परंतु तो आरंभ तिच्यापासून करीत नाहीं. तो तिच्याजवळ प्यावयास पाणी मागतो. म्हणजे पहिला शब्द आपल्या गरजेचा आहे, आपल्या तहानेचा आहे. नवऱ्याचा विषय पुष्कळ पुढें येतो, तोंपर्यंत त्या बाईनें त्याला दोनतीन उलट प्रश्न विचारून घेतले आहेत. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशीं विहिरीवरून उंबराचें पाणी वाजत गाजत आणण्याची चाल आहे. विहिरीपाशीं ओळखी होतात हें आपल्या पूर्वजांना कोणीं शिकवावें लागलें नाहीं. विहिरी बुजल्या, नळ घरोघर आले, हें चांगलेंच झालें. पण पाणी मागावयाची वेळ मात्र आतां कोणावर येत नाहीं.

लग्नाचाच विषय निघाला आहे तर एक घटना सांगतों. ती या धर्मग्रामांतली नाहीं, आणि माणसें ओळखूं येऊं नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. लग्नापूर्वीं वधूवरांची चौकशी करण्याचा चर्चचा नियम आहे. आम्ही दोघांना वेगवेगळें बसवून छापील फॉर्मवरचे प्रश्न विचारतों. बाप्तिस्मा कोठें झाला? पूर्वीं लग्न झालें आहे काय? कोणाची सक्ती आहे काय? सक्तीच्या प्रश्नाला "नाहीं फादर" याशिवाय दुसरें उत्तर मला त्या खोलींत बहुधा मिळालेलें नाहीं. हे प्रश्न आवश्यक आहेत, ते मी यापुढेंहि विचारीन. पण त्यांनीं दोन माणसें एकमेकांना कळत नाहींत. आणि आजहि आपल्यांत पुष्कळ लग्नें अशीं होतात कीं, मुलगा बोटीवर, मुलगी नर्स, दोन भेटी झालेल्या, बाकीचें सारें फोनवर, आणि हॉल मात्र वर्षभर आधीं ठरलेला!

अशाच एका जोडप्याला फॉर्म झाल्यावर मीं म्हटलें, "मी बाहेर बसतों. तुम्ही येथें तासभर बसा आणि एकमेकांना हे प्रश्न विचारा. दोघांनींहि उत्तर द्यावयाचें." प्रश्न मीं कागदावर लिहून दिले होते. पहिला पगार मिळाला त्याचें काय केलें? तुमच्या घरांत राग आला म्हणजे ओरडतात कीं अबोला धरतात? कोणाची माफी मागावयाची राहिली आहे काय? आणि शेवटीं, हें लग्न ठरलें त्या रात्रीं झोप कशी लागली?

तासाच्या ऐवजीं दोन तास झाले. बाहेर येतांना मुलीचे डोळे लाल होते. पुढच्या आठवड्यांत लग्न मोडलें. मुलानें शेवटच्या प्रश्नाचें उत्तर खरें दिलें होतें. त्याच्या वडिलांवर मुलीच्या मामांचें कर्ज होतें, आणि होकार त्या कर्जापोटीं दिलेला होता. मला त्यानें "सक्ती नाहीं" असें सांगितलें होतें. तिला मात्र तो खोटें सांगूं शकला नाहीं, कारण तिनें आधीं आपलें उत्तर दिलें होतें. दोन्हीं घरचीं माणसें माझ्यावर चिडलीं. हॉलचे पैसे गेले, कपडे शिवून झालेले, पाहुण्यांचीं विमानाचीं तिकिटें काढलेलीं. "फादरनीं मुलांच्या डोक्यांत खूळ घातलें," असें चर्चच्या पायऱ्यांवर बोललें गेलें, आणि एक कुटुंब रविवारीं शेजारच्या चर्चला जाऊं लागलें. मला वाईट वाटलें, अजूनहि वाटतें. परंतु तो कागद मीं अजून फाडलेला नाहीं. पुढें येणाऱ्या जोडप्यांना मी तो देतों, फक्त हॉल ठरविण्यापूर्वीं या असें आतां सांगतों.

तेव्हां या प्रश्नांचें काम प्रेम उत्पन्न करणें हें नव्हे. खरें बोलावयाला जागा करून देणें एवढेंच त्यांचें काम, आणि त्या जागेंत काय निघेल हें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणून ती जागा राखावी लागते. याबाबतींत माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. माझ्या पूर्वीच्या एका ठिकाणीं आमचे लघु समूह भरत, दहाबारा घरें एका घरीं जमत. बायबलचा उतारा वाचून झाल्यावर सर्वांनीं आपल्या मनांतलें एक ओझें सांगावें अशी सूचना मींच एकदां केली. एका भगिनीनें मुलाच्या दारूची गोष्ट सांगितली, घरांतल्या माराचीहि सांगितली. रविवारपर्यंत ती मासळीबाजारांत पोहोंचली होती. त्या बाई पुन्हां समूहांत आल्या नाहींत. मिस्साला येत, पण अगदीं शेवटच्या बांकावर बसून सर्वांच्या आधीं निघून जात. पापनिवेदनांतील एक शब्दहि बाहेर जाऊं नये असा कडक नियम चर्चनें १२१५ सालच्या लॅटरन परिषदेंत घालून दिला, आणि मी स्वतः तो पाळतों. पण तो मला एकट्यालाच बांधतो. त्या खोलींतल्या बारा माणसांना कोणीं बांधलें होतें? मीं ओठ उघडावयास सांगितलें आणि मिटावयास सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर सर्वांनीं पाळलें असतें असें नाहीं, परंतु सांगावयास हवें होतें.

हें इतक्या विस्तारानें आज सांगण्याचें कारण आपला हा धर्मग्राम. १९२४ सालीं खार रोडचें स्थानक झालें, आणि तेव्हांपासून येथें नवीं माणसें येतच आहेत. आज एका बांकावर डांड्याचे जुने रहिवासी, शेजारीं मंगळुरी कुटुंब, पुढें गोंयकार, मागें तामिळ, आणि टॉवरमधील असे कीं जे फक्त रविवारीं दिसतात. शांतिचिन्ह देतांना आपण सर्व हात जोडतों, आणि ज्यांना हात जोडले त्यांचें नांव कित्येक वर्षें आपल्याला ठाऊक नसतें. कोळीवाड्यांतल्या माणसांना वाटतें कीं बिल्डिंगवाल्यांना आपल्या मासळीचा वास सोसत नाहीं. बिल्डिंगवाल्यांना वाटतें कीं येथल्या लोकांना आपण उपरे वाटतों. दोन्हीं बाजूंनीं मला येऊन सांगितलें आहे, म्हणून मला ठाऊक. एकमेकांना सांगितलेलें नाहीं.

असल्या भिंतींवरहि त्या छत्तीस प्रश्नांचा उपयोग करून पाहिलेला आहे. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अमेरिकेंत गोऱ्या आणि लॅटिन वंशाच्या विद्यार्थ्यांच्या जोड्या कांहीं आठवडे बसविल्या होत्या. ज्यांच्या मनांत दुसऱ्या गटाविषयीं अढी किंवा धास्ती अधिक, त्यांच्या लाळेंतील ताणाचें द्रव्य भेटीगणिक उतरत गेल्याचें आढळलें. आणि आपण रोज ज्या गर्दींत उभे राहतों त्या आगगाडीविषयींहि एक गोष्ट आहे. शिकागोच्या गाड्यांत शेजारच्या परक्याशीं बोला असें कांहीं उतारूंना सांगितलें. २०१४ सालीं तो वृत्तांत छापून आला. बोलण्यानें प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता. जे बोलले त्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. आपल्या विरार लोकलमध्यें तर भजनी मंडळीपासून डब्यांतल्या वाढदिवसापर्यंत सर्व चालतें. शिकागोवाल्यांनीं ती पाहिली असती तर प्रयोगाचा खर्च वाचला असता.

असो. आतां आजच्या संध्याकाळीं काय करावयाचें तें सांगतों. या व्याख्यानानंतर चहा आहे. समितीच्या तरुणांनीं खुर्च्या दोन दोन समोरासमोर मांडल्या आहेत, त्या तुम्ही आल्यापासून पाहत आहां, आणि हा काय प्रकार म्हणून कुजबुज चाललेली मीं ऐकली आहे. प्रत्येकानें ज्याचें नांव ठाऊक नाहीं अशा माणसासमोर बसावें. पुरुषांनीं पुरुषांसमोर, बायकांनीं बायकांसमोर बसलें तरी चालेल, संकोच नको. वेळ पाव तास. प्रश्न तीनच आहेत, ते फळ्यावर लिहिले आहेत. तुम्ही लहानपणीं कोणत्या वासानें जागे होत असां? या वस्तींत पहिल्यानें तुम्हांला आपलें कोणीं म्हटलें? आणि सध्यां रात्रीं कोणती गोष्ट तुम्हांला जागें ठेवते? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देणें सक्तीचें नाहीं. "हें मी आज सांगत नाहीं" असें म्हटलें तर समोरच्यानें पुन्हां विचारूं नये. विचारणारानें स्वतः आधीं उत्तर द्यावें. आणि येथें ऐकलेलें या सभागृहाच्या दारांतून बाहेर नेऊं नये, घरच्या माणसांजवळहि नाहीं, अगदीं चांगल्या हेतूनेंहि नाहीं. हें मात्र सक्तीचें आहे.

मलाहि एक खुर्ची ठेवली आहे. तिसऱ्या रांगेंत पंख्याखालीं मावशी बसल्या आहेत. त्यांचें नांव मला ठाऊक आहे, म्हणून आतांच केलेला नियम मी मोडीत आहें, त्याबद्दल समितीची क्षमा मागतों. त्यांना फळ्यावरचे प्रश्न मी विचारणार नाहीं. त्यांच्या एका जुन्या प्रश्नाचें उत्तर माझ्याकडे बाकी आहे, तें आधीं देतों. मावशी, चहा घेऊन येतों, तुम्ही बसा.